दादरला राहणाऱ्याने बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस मोटरसायकल घ्यावी की मोठी जीएस ॲडव्हेंचर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची ५ फूट ७ इंच, दादरच्या जुन्या इमारतीत घर, आठवड्यातून दोन दिवस गाडीने बीकेसीला जाणार, महिन्यातून एखादी कोकण किंवा घाटाची राईड, आणि पुढच्या वर्षी वहिनींना मागे बसवून मनाली-लेह. मन मोठ्या टाकीच्या ॲडव्हेंचरवर बसलंय, मित्र साधी, म्हणजे स्टँडर्ड आर १३०० जीएस घ्या म्हणताहेत.

मित्रांचं ऐका. मी मुलुंडला राहतो. चार वर्षं आर १२५० जीएस ॲडव्हेंचर चालवली आणि आता स्टँडर्ड आर १३०० जीएस चालवतो. दोन्ही गाड्यांनी मला भरभरून दिलं. तरीही तुमचं वर्णन वाचताना मला मोठ्या गाडीची पहिली दोन वर्षं आठवली, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिन दोन्हींत तेच आहे, १३०० सीसीचं बॉक्सर (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे), १४५ हॉर्सपॉवर. मोठी घेतली म्हणून ताकद जास्त मिळत नाही. फरक आहे तो टाकीत, वजनात आणि उंचीत. स्टँडर्डची टाकी १९ लिटरची आणि वजन २३७ किलो. ॲडव्हेंचरची टाकी ३० लिटरची आणि वजन २६९ किलो. म्हणजे ३२ किलोंचं अंतर. घरचा भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो, तो उचलून बघा म्हणजे अंदाज येईल. यातले पेट्रोलचे जेमतेम ८ किलो. बाकीचं वजन गार्ड, मोठी काच, रुंद टाकी, स्टँड यांत गेलंय. सीट स्टँडर्डला ८५० मिलिमीटरवर, ॲडव्हेंचरला ८७० वर. दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण तुमच्या उंचीला टाच टेकणं आणि नुसता चवडा टेकणं यातला फरक तेवढ्यातच असतो.

चालत्या गाडीवर हे ३२ किलो कुठे जातात ते कळतही नाही. ताशी ३० च्या पुढे ॲडव्हेंचर सायकलसारखी वळते, शोरूमवाले हेच सांगतात आणि ते खरं आहे. वजन कळतं ते वेग शून्य असताना. आणि मुंबईत आपली गाडी किती वेळ शून्यावर असते याचा विचार करा. मोठ्या गाडीला जिथे मोकळा श्वास घेता आला असता त्या रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही: सी लिंक नाही, कोस्टल रोड नाही, अटल सेतू नाही, पुण्याचा एक्सप्रेसवेही नाही. आपल्या वाट्याला येतं सायन, चेंबूर, वाशी, पनवेल आणि मग जुना हायवे. शनिवारी पहाटे पाचला निघालात तर ठीक, पण रविवारी संध्याकाळी परतताना शेवटचे २५ किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच होतात. एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला टेम्पो, खाली पेव्हर ब्लॉक, पावसात मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा. दिवसभर चालवून पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि नेमकं तेव्हाच दर शंभर मीटरला पाय टेकवावा लागतो.

आता तुमचं पार्किंग. तुम्ही लिहिलंय की गेटमधून आत उतार आहे आणि गाडी रिव्हर्समध्ये ढकलत बाहेर काढावी लागेल. माझ्याकडे उतार नव्हता, नुसती एक उंचवट्याची पट्टी होती, तरी ॲडव्हेंचर मागे घेताना रोज वॉचमनकाका मागून हात लावायचे. त्यांची साप्ताहिक सुट्टी असेल त्या दिवशी मी ट्रेनने जायचो. एवढ्या हौसेने घेतलेली गाडी केवळ बाहेर काढायच्या त्रासापायी घरी ठेवायची, हे मनाला फार लागतं. तुमचा बीकेसीचा बेत पहिल्या दोन महिन्यांत इथेच अडकेल अशी मला भीती वाटते.

खरं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते वहिनींशी संबंधित आहे. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं गुहागरहून दापोलीकडे येत होतो. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरायचं. बोट लागली, फळी खाली आली, ओलं लोखंड आणि वर शेवाळ. मागून जीपवाला हॉर्न देत होता. मी बायकोला खाली उतरवायला हवं होतं, उतरवलं नाही. फळीच्या टोकाला गाडी थांबली, उजवा पाय टेकवला तो नेमका खाली जिथे खड्डा होता तिथे. टाकी सकाळीच फुल केलेली. गाडी, तीस लिटर पेट्रोल, पॅनियर म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेट्या, मागे बायको. एकदा तोल गेल्यावर ते वजन माझ्याच्याने सावरलं नाही. तिचा घोटा पॅनियरखाली आला. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे पायाला पट्टी होती. त्यानंतर सात महिने ती गाडीवर बसली नाही. मीही तिला बस म्हटलं नाही.

स्टँडर्ड असती तर पडलो नसतो असा दावा मी करत नाही. पण टाच टेकली असती, वजन कमी असतं, आणि सावरायला अर्ध्या क्षणाची सवड मिळाली असती. सध्याच्या गाडीवर त्याच जेटीवरून तीनदा उतरलोय. आता ती आधी उतरून चालत पुढे जाते, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या टाकीचं म्हणाल तर तिची मुळं वाळवंटातली आहेत. या मालिकेतली पहिली गाडी, आर ८० जी/एस, १९८० साली आली, पॅरिस-डकार रॅलीत या गाड्यांनी १९८१ ते १९८५ या काळात चार वेळा बाजी मारली, आणि १९८४ मध्ये ३२ लिटर टाकीची पॅरिस-डकार आवृत्ती विक्रीला आली. जिथे शेकडो किलोमीटर पंप नाही तिथे तेवढं पेट्रोल बरोबर लागतंच. मुंबई-गोवा रस्त्यावर किंवा कोल्हापूरकडे जाताना कुठे लागणार? वाटेत पंप आहेतच, आणि दोन तासांनी चहाला थांबायचंच असतं.

राहता राहिलं लेह. केलाँगच्या अलीकडे तांदीला पंप आहे आणि तिथे पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. २०२० मध्ये अटल बोगदा झाला, पण तो तांदीच्या आधी येतो, त्यामुळे हे अंतर तसंच राहिलं. लेहच्या साधारण ३५ किलोमीटर आधी कारूला पंप लागतो. माझ्या १३०० ला दोघं आणि सामान घेऊन १८ चं ॲव्हरेज मिळतं. १९ गुणिले १८ म्हणजे ३४२. कारू जेमतेम गाठता येईल, पण अशा हिशोबावर बारालाचा ला आणि तांगलांग ला या उंच खिंडी ओलांडायला जाऊ नये. पाच लिटरचा चांगला धातूचा कॅन न्या, आणखी ९० किलोमीटर मिळतात. तांदीला भरा, सरचू ओलांडल्यावर टाकीत ओता, रिकामा कॅन परत बांधा. वर्षातल्या एका दिवसासाठी कॅन पुरतो. त्यासाठी उरलेले ३६४ दिवस अकरा लिटरची जास्तीची टाकी दादरमध्ये वागवायची गरज नाही.

ॲडव्हेंचर कुणी घ्यावी? उंची सहा फुटांच्या आसपास असेल, पार्किंग सपाट असेल, आणि वर्षातले दोन-तीन दौरे खरोखरच हजार किलोमीटरच्या टप्प्यांचे असतील तर डोळे झाकून घ्यावी. मुंबई-बंगळूर एका दिवसात करताना तिची काच आणि रुंद टाकी छातीवरचा वारा असा अडवते की संध्याकाळी मान दुखत नाही. सस्पेन्शनचा खेळ दोन सेंटिमीटर जास्त आहे, खराब रस्त्यावर मागे बसणाऱ्यालाही ते जाणवतं. बायको अजूनही म्हणते की मोठीची सीट जास्त चांगली होती. ते मला मान्य आहे. ट्रायम्फच्या टायगर १२०० मध्ये रॅली प्रोची टाकी २० लिटरची आणि रॅली एक्सप्लोररची ३० लिटरची, तिथेही हाच विचार करावा लागतो.

बाजारात आल्या तेव्हा या दोघींच्या किमतीत साधारण दोन लाखांचं अंतर होतं, वर आरटीओचा कर आणि इन्शुरन्स किमतीच्या प्रमाणात वाढतो तो वेगळा. ते पैसे वाचवून घरी ठेवा असं मी म्हणणार नाही. स्टँडर्डला चांगले क्रॅश गार्ड लावा, थोडी उंच काच बसवा, वहिनींसाठी पाठ टेकेल असा टॉप बॉक्स घ्या. दोघांना घोट्याच्या वर येणारे खरे रायडिंग बूट घ्या, कॉलेजचे स्पोर्ट शूज नकोत. आमचा अनुभव वर वाचलाच आहे. आणि दोन दिवसांचं एखादं ऑफ-रोड ट्रेनिंग करा. पडलेली गाडी उचलायला तिथे शिकवतात: आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड बाहेर, मग पाठ सीटला लावून पायांच्या जोराने मागे मागे चालत जायचं. बॉक्सरचे सिलिंडर बाहेर असल्याने गाडी पूर्ण आडवी होत नाही, त्यामुळे तुमच्या उंचीच्या माणसाला स्टँडर्ड एकट्याने उभी करता येते. ॲडव्हेंचर मला चार वर्षांत एकदाही एकट्याने जमली नाही.

आणखी एक. १३०० वर थांबताना गाडी आपोआप ३० मिलिमीटर खाली बसते अशी सोय पर्याय म्हणून आहे. तुम्ही घेत असलेल्या व्हेरिएंटमध्ये ती आहे का, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या. कमी उंचीच्या सीटबद्दलही विचारा. पायाचं माप घरीच काढा: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत धरा, आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. डोक्यापर्यंतच्या उंचीपेक्षा हे माप जास्त उपयोगी आहे.

टेस्ट राईडला एकटे जाऊ नका, वहिनींना घेऊन जा. डेमो गाडीच्या टाकीत बहुतेक वेळा तीन-चार लिटरच पेट्रोल असतं आणि तेवढ्यावर दोन्ही गाड्या आहेत त्यापेक्षा हलक्या वाटतात. जवळच्या पंपावर नेऊन टाकी फुल करा, पैसे तुमचे द्या. मग दोघं बसून अरुंद गल्लीत उजवीकडून एक यू टर्न घ्या, मध्येच थांबा, पाय टेका, पुन्हा निघा. दोन्ही गाड्यांवर हेच करा. आणि त्या दिवशी पाऊस असेल तर राईड पुढे ढकलू नका.