मोटर कुठे बंद करायची, तेच तर गणित

प्रश्न: मी पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज पिंपरी ते स्वारगेट मेट्रोने जातो. मेट्रो कमी विजेत कशी चालवायची, यावर कॉलेजात एक व्याख्यान झालं आणि आता त्यातच काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, ‘ड्रायव्हर व्हायला इंजिनीअरिंग कशाला?’ एका क्लासचा सहा महिन्यांचा मेट्रो डिप्लोमा आहे, तो करू का?

उत्तर: बाबांवर रागावू नकोस. ‘ड्रायव्हिंग कंट्रोल’, म्हणजे गाडीने कुठे वेग घ्यायचा आणि कुठे सोडायचा हे ठरवणं, हा शब्द घरात काढलास की कुणालाही मोटरमनच आठवणार. त्यांच्यासमोर एक हिशेब मांड. तीन डब्यांची भरलेली गाडी 180 टनांची धर, वेग ताशी 72 किलोमीटर. गतीतल्या ऊर्जेचं सूत्र, अर्धा एम व्ही वर्ग (एम वजन, व्ही वेग), वापरलंस की बरोबर 10 युनिट वीज येते. मंडईहून निघालेली गाडी एवढी वीज अंगात भरून घेते आणि स्वारगेट आलं की ब्रेक लावते. वेग 65 वरच थांबवला तर तोच आकडा 8 च्या आसपास येतो, आणि वेळ वाढतो तो काही सेकंदच. हे दिवसभर, प्रत्येक गाडीला, प्रत्येक स्टेशनाला. वीजबिल भरणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

सिग्नल लाल दिसला की जुना पुणेकर सायकलवाला पॅडल मारणं थांबवायचा. कोस्टिंग म्हणजे तेच. पण पॅडल नेमकं कुठे थांबवायचं? रशियन गणिती पोंत्र्यागिन यांच्या 1950 च्या दशकातल्या सिद्धांतातून याचं उत्तर काढता येतं. सपाट मार्गावर ठरलेल्या वेळेत कमीत कमी ऊर्जा वापरायची तर चारच गोष्टी करायच्या असतात: पूर्ण जोर, एकसमान वेग, मोटर बंद ठेवून जाणं आणि पूर्ण ब्रेक. स्टेशनं जवळजवळ असली की मधला एकसमान वेगही बहुधा गळतो. उरतो तो एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा बिंदू शोधण्याचा प्रश्न. ॲडलेडच्या गणितज्ञांनी 1980 च्या दशकात ‘मेट्रोमायझर’ हे यंत्र याच कामासाठी बनवलं. कोस्टिंग कधी सुरू करायचं ते चालकाला त्यातून कळायचं. आज ते काम बहुतेक नव्या मेट्रोंमध्ये एटीओ, म्हणजे गाडी आपोआप चालवणारी प्रणाली करू शकते.

खरी मजा त्यापुढे आहे. बोगद्यात हवेचा अडथळा जास्त, म्हणून मोटर बंद केल्यावर वेग लवकर पडतो. गाडी जास्त वेळ घेते तेवढा वेळ डब्यातलं वातानुकूलनही चालतं, त्यामुळे फार हळू जाणंही महागात पडतं. लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गावर (1968) स्टेशनं मुद्दाम उंचवट्यावर बांधली: येताना चढ वेग कमी करतो, जाताना उतार ढकलतो. शिवाय ब्रेक लावताना मोटर वीज तयार करते. दिल्ली मेट्रोला त्यावर कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण कमी केल्याबद्दलची विकता येणारी प्रमाणपत्रं, मिळाली. तू बसतोस त्या मार्गावर 25 हजार व्होल्ट एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) आहे, तिथे ही वीज वरच्या तारेतून परत पाठवणं सोपं. हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग 750 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) थर्ड रेलचा, म्हणजे रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेणारा. तशा मार्गावर त्याच क्षणी जवळपास दुसरी गाडी वेग घेत नसेल आणि वीज परतवायची वेगळी सोय नसेल, तर ती रेझिस्टरमध्ये जळून जाते. म्हणजे प्रश्न एका गाडीचा राहत नाही, वेळापत्रकाचा होतो. एकाच शहरात अभ्यासाला दोन्ही प्रकार! पुणेकर म्हणून थोडा भाव खायला हरकत नाही.

डिप्लोमा? आत्ता नको. त्यातल्या संज्ञा नोकरीला लागल्यावर महिनाभरात कळतात; कंट्रोल सिस्टिम्स आणि ऑप्टिमायझेशन मात्र नंतर कुणी शिकवत नाही. ते पैसे राहू देत. इलेक्ट्रिक ट्रॅक्शन इलेक्टिव्ह मिळत असेल तर घे, पायथॉनमध्ये न्यूमेरिकल मेथड्स हाताखालून जाऊ देत, आणि एम.टेक. प्रवेशासाठीची गेट परीक्षा दे. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोलचं स्वतंत्र केंद्र आहे.

एक कडू गोष्टही सांगतो. ‘ऊर्जा-बचत ड्रायव्हिंग इंजिनीअर’ अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. दार आहे ते सिग्नलिंग आणि ट्रॅक्शन बनवणाऱ्या कंपन्यांचं, आणि सुरुवातीची वर्षं बहुधा चाचण्यांत जातात. चालू मार्गावर त्या शेवटची गाडी गेल्यावर, रात्री होतात. झोपेचं खोबरं होतं. आयटीतल्या मित्रांचा पहिला पगार तुझ्याहून मोठा असू शकतो, तेव्हा आधी मनाची तयारी कर.

तोवर एक काम कर. दुपारी गर्दी नसताना मंडई–स्वारगेट प्रवास कर. बोगद्यात जीपीएस नाही, पण फोनमधला ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) चालतो. फोन हातात नको, रिकाम्या सीटवर सपाट ठेव. त्वरणाचं इंटिग्रेशन करून वेग काढ. चूक साठत जाईल, पण गाडी थांबते तेव्हा वेग शून्य असतो, तिथे आलेख जुळवून घे. त्यावर मोटरचा आवाज कुठे बंद झाला ते खूण कर, आणि तो आलेख घेऊन बाबांसमोर बस.