आधी स्फिंतु गेओर्गे शोध
रोमानियाचा हंगेरियन स्वायत्त प्रदेश अभ्यासाला घेतलास, फार छान. पण एकाच नकाशावर विसंबू नकोस. सोव्हिएत दबावाखाली 1952 च्या राज्यघटनेने तो जन्मला. स्वायत्तता नावापुरती, सूत्रं बुखारेस्टकडेच. खरी मेख 1960 मध्ये आहे. दक्षिणेचा हंगेरियनबहुल भाग तोडून ब्राशोव्हच्या प्रदेशाला जोडला, पश्चिमेकडचे लुदुशसारखे रोमानियनबहुल तालुके आत घेतले. हंगेरियनांचं प्रमाण सुमारे 77 टक्क्यांवरून 62 वर आलं! म्हणून आधी स्फिंतु गेओर्गे हे त्या तोडलेल्या भागातलं शहर शोध: ते हद्दीबाहेर असेल तर नकाशा 1960 नंतरचा. 1968 मध्ये प्रदेशच मोडले, जिल्हे परतले. आणि हो, नावं दोन्ही भाषांत टिपून ठेव. या प्रदेशाची राजधानी तिर्गु मुरेश हंगेरियन कागदांत मारोशवाशारहेय म्हणून सापडेल.