स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य मतदारांनी ‘हो’ म्हटलं तरी प्रस्ताव पडू शकतो का?

हो, पडू शकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तसं घडलंही. स्विस कंपन्यांनी परदेशात मानवी हक्कांची पायमल्ली केली किंवा पर्यावरणाची हानी केली, तर त्यांना मायदेशात जबाबदार धरावं, असा तो प्रस्ताव होता. ५०.७ टक्के मतं बाजूने पडली, तरी तो फेटाळला गेला.

कारण राज्यघटना बदलायची असेल तर दुहेरी बहुमत लागतं, म्हणजे मतदारांचं आणि कँटनांचं, अर्थात तिथल्या राज्यांचं. २० कँटनांना प्रत्येकी एक मत, सहांना अर्धं, एकूण २३. पंधरा लाखांहून जास्त वस्तीच्या झ्युरिकला एक मत आणि चाळीस हजारही वस्ती नसलेल्या उरीलाही एकच! लहान कँटनांना संरक्षण हवं हे मान्य, पण एवढी तफावत मला अन्यायाची वाटते.

साध्या कायद्याचं मात्र वेगळं. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवल्या की सार्वमत घ्यावंच लागतं, आणि तिथे फक्त मतदारांचं बहुमत पुरतं. नागरिकांना स्वतः घटनादुरुस्ती सुचवायची तर १८ महिन्यांत एक लाख सह्या लागतात; २०२० चा प्रस्ताव याच वाटेने आला होता.