कॉर्टिसॉल, स्प्रे आणि औषधांची पिशवी

कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येतं. नशा आणि एचआयव्ही या दोहोंच्या संदर्भात त्याबद्दल तेच तेच विचारलं जातं, म्हणून काही पत्रांना इथेच उत्तरं देतो.

मुलाने ब्राउन शुगर सोडली, आज चौथा दिवस. घाम येतो, अंगावर काटा येतो, झोप नाही. हार्मोन बिघडले का? – म्हापसा

बिघडले नाहीत, उसळलेत. ही नशा मेंदूकडून अ‍ॅड्रिनलला जाणारा निरोप दाबून ठेवते. ती थांबली की तोच निरोप जोरात सुटतो. अंगाची तगमग काही दिवसांत उतरते, झोपेला आठवडे लागतात. त्याला खोलीत कोंडू नका. अंगाची सवय आता उतरू लागलीय. जुन्याच मापाने पुन्हा ओढली तर श्वास थांबू शकतो. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात दाखवा, आजच.

लॅबवाले 'स्ट्रेस पॅकेज' देतात. करू का? – फोंडा

नको. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास चढलेलं आणि मध्यरात्री तळाला असतं. दुपारी जेवून दिलेल्या रक्ताचा आकडा कशाशी ताडणार? तपासणी लागलीच, तर डॉक्टर वेळेसकट लिहून देतील.

अश्वगंधाने कॉर्टिसॉल उतरतं म्हणे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्यांसोबत चालेल? – पेडणे

एआरटीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

सात वर्षं एआरटी घेतो, आता सेकंड लाइन, म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनात तेव्हा देतात ती औषधं. तीन महिन्यांत चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय काटक्या. सगळे म्हणतात टेन्शनने कॉर्टिसॉल वाढलं. सकाळच्या तपासणीत ते अगदीच कमी निघालं! – डिचोली

पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'अ‍ॅलर्जीसाठी नाकात स्प्रे मारतो, गुडघ्यात एक इंजेक्शनही झालं.' उत्तर बहुधा तिथेच आहे. सेकंड लाइनमध्ये बऱ्याचदा रिटोनाविर हे औषध असतं. यकृतातलं जे एन्झाइम स्टेरॉइडचा निचरा करतं, त्यालाच ते अडवतं. मग फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा नाकातला साधा फवारा किंवा सांध्यात टोचलेलं ट्रायअ‍ॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड रक्तात साचत जातं. बाहेरचं स्टेरॉइड एवढं झालं की स्वतःची ग्रंथी झोपते. म्हणून चेहरा गोल आणि कॉर्टिसॉल कमी. टेन्शनचा इथे काय संबंध?

माझा राग स्प्रेवर नाही, लपवाछपवीवर आहे. नाकाच्या डॉक्टरला एचआयव्ही सांगितलेला नसतो आणि एआरटी केंद्रावर स्प्रे. लाज वाटते, समजतं. पण 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ही गोष्ट चव्हाट्यावर आणता येत नाही. त्यात भर 'शंभर टक्के झाडपाल्याच्या' पुड्यांची. जी पूड दोन दिवसांत दुखरा गुडघा पळायला लावते, तिच्यात मला आधी स्टेरॉइडचाच वास येतो.

आता स्प्रे आपल्या मनाने बंद करू नका. झोपलेली ग्रंथी लगेच उठत नाही. उलट्या होतात, बीपी कोसळतं. फवारा, गोळ्या, पुड्या, इंजेक्शनची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत घालून या आठवड्यातच एआरटी केंद्रावर टेबलावर ओता. पर्यायी औषधं आहेत, ती तिथेच ठरतील.

भाऊ ओएसटीवर, म्हणजे ब्राउन शुगरसारख्या नशेऐवजी डॉक्टर देतात त्या औषधावर आहे, ब्युप्रेनॉर्फिन घेतो. टीबीच्या गोळ्या लागल्यापासून 'डोस पुरत नाही' म्हणतो. पुन्हा नशेकडे वळतोय का? – वाळपई

बहुधा खरं बोलतोय. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपवतं. त्याला दटावू नका आणि कुठलीच गोळी बंद करू नका. टीबीचं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं, ते ओएसटीच्या डॉक्टरांना उद्याच सांगा.