लिक्युअर नुसतं प्यायलं की खोकल्याच्या औषधासारखं लागतं. ते प्यायची खरी पद्धत काय?

तुम्ही लिहिलंय की नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या क्वांत्रो, बेलीज, कंपारी आणि लिमोंचेलो अशा चार बाटल्या घरात आहेत, आणि व्हिस्कीसारखा ६० मिलीचा पेग भरून प्यायल्यावर दोन घोटांतच तोंड गोडमिट्ट झालं. लिक्युअर म्हणजे साखर आणि फळं, साली यांसारख्या गोष्टींचा स्वाद घातलेली दारू. बाटल्यांत काहीच खोट नाही. माप, तापमान आणि सोबतचं पेय, या तिन्ही गोष्टी व्हिस्कीच्या सवयीने ठरवल्या गेल्या, एवढंच.

युरोपच्या कायद्यात बहुतेक लिक्युअरना लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि १५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. १०० ग्रॅम म्हणजे जवळपास कोलाइतका गोडवा, आणि ही झाली खालची पातळी. नावात 'क्रेम द' असेल तर किमान २५० ग्रॅम, आणि 'क्रेम द कासिस' या ब्लॅककरंट नावाच्या छोट्या काळ्या फळाच्या लिक्युअरला ४०० ग्रॅम. (या 'क्रेम'मध्ये दुधाची साय नसते, ती फक्त बेलीजसारख्यांत असते. साठवताना हा फरक लक्षात ठेवा.) साखर अल्कोहोलचा जळजळीतपणा झाकते, म्हणून क्वांत्रो सौम्य वाटते. प्रत्यक्षात ती ४० टक्क्यांची आहे, आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या अगदी शेजारी. तेव्हा नुसतं प्यायचं असेल तर ३० मिली, छोट्या ग्लासात, जेवणानंतर, हळूहळू.

क्वांत्रोपासून सुरुवात करा. फ्रान्समधल्या अँजेची ही लिक्युअर गोड आणि कडू अशा दोन्ही संत्र्यांच्या सालींपासून बनते. आधी ग्लासात १० मिली घेऊन साध्या तापमानाला वास घ्या, एक थेंब जिभेवर ठेवा. मग एक मोठा बर्फाचा खडा टाका आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. खड्याभोवती पांढुरक्या रेषा उतरायला लागतात आणि पेय हळूहळू धुरकट होतं. सालीतलं सुगंधी तेल ४० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळून असतं, बर्फ वितळून अल्कोहोल पातळ झालं की ते बाहेर पडतं. आता पुन्हा चव घ्या. गारव्याने गोडवा मागे सरकलेला असतो आणि सालीचा कडसर सुगंध पुढे आलेला असतो. लिक्युअर कसं प्यायचं हे शिकायला याच्याइतका सोपा धडा मला माहीत नाही.

क्वांत्रोचं खरं काम मात्र आंबटाच्या जोडीने होतं. मार्गारिटा या कॉकटेलचं रूढ माप ५० मिली टकीला, २० मिली क्वांत्रो, १५ मिली ताजा लिंबाचा रस. टकीलाच्या जागी गोव्याची काजू फेणी घेणार असाल तर मी ४५ मिली फेणी, २० मिली क्वांत्रो आणि २० मिली रस घेईन, कारण फेणीचा वास उग्र, त्याला आंबट थोडं जास्त लागतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फ घालून १२ ते १५ सेकंद जोरात हलवा आणि गाळून घ्या. बर्फ कंजूसपणे दोन-तीन खडेच टाकले तर ते लगेच वितळतात आणि पेय गार होण्याआधीच पाणचट होतं. बाटलीतला लिंबूरस वापरू नका, सगळी मेहनत वाया जाते.

कंपारी जेवणाआधीची. तिच्यात कडू आणि गोड दोन्ही ठासून भरलेलं असतं, म्हणून नुसती प्यायची नाही. उंच ग्लासात बर्फ, ४५ मिली कंपारी, १०० मिली अगदी गार सोडा, संत्र्याची एक फोड. सोबत खारे शेंगदाणे किंवा काजू, कारण मिठाने कडूपणा निवळतो. हिवाळ्यात नागपुरी संत्री आली की ४५ मिली कंपारीत १२० मिली ताजा रस घाला. रस गाळून मिक्सरमध्ये काही सेकंद फिरवून फेसाळ करून घेतला तर पेय हलकं लागतं. मोसंबी इथे चालत नाही, तिला पुरेसा आंबटपणा नाही. डब्यातला रस तर आधीच गोड. पहिल्या ग्लासाला कडू वाटली तरी सोडू नका, दोन-तीनदा प्यायल्यावर जीभ तिला सरावते.

लिमोंचेलो, म्हणजे लिंबाच्या सालीची लिक्युअर, थेट फ्रीजरमध्ये. साधारण ३० टक्क्यांची असेल तर गोठत नाही, फक्त पाकासारखी दाट होते. छोटा ग्लासही दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. साध्या तापमानाला ती सरबताच्या अर्कासारखी लागते, बहुधा तुमचं तेच झालं असावं.

बेलीज म्हणजे आयरिश व्हिस्की आणि साय, १७ टक्के. बर्फावर ५० मिली, किंवा १५० मिली गरम कोऱ्या कॉफीत ४० मिली. कॉफीत साखर अजिबात नको. उकळती कॉफी मिनिटभर निवू द्या, मग बेलीज ओता. लिंबू, कोकम सरबत, टॉनिक वॉटर यांच्याशी तिची गाठ घालू नका. आम्लाने दुधातलं प्रथिन गोळा होतं आणि ग्लासात चोथा दिसतो.

पाचवी बाटली घ्यायची झाली तर कॉफी लिक्युअर घ्या. २० मिली कॉफी लिक्युअर, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळू २० मिली बेलीज, त्यावर तसंच २० मिली क्वांत्रो ओतलं की तीन थर वेगळे राहतात. साखर जास्त ते जड, अल्कोहोल जास्त ते हलकं. क्रम उलटा केलात तर सगळं मिसळतं.

साठवण: क्वांत्रो आणि कंपारी कपाटात, उन्हापासून दूर, वर्षभर सहज चांगल्या राहतात. ओतून झालं की बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर साखर सुकून झाकण घट्ट बसतं. बसलंच तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर गुंडाळा. बेलीजला २५ अंशांपेक्षा जास्त उष्णता सोसत नाही, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती फ्रीजमध्येच हवी, फ्रीजरमध्ये नको. तिच्या लेबलवरची तारीख आज बघून घ्या, साधारण दोन वर्षांची मुदत असते आणि न उघडलेल्या बाटलीलाही तीच लागू होते. तारीख उलटली असेल तर ती बाटली ओतून द्या, बाकीच्या तीन आहेतच.