पाच वर्षं गप्प बसून इन्स्पेक्टर होता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे. 2023 मध्ये एजंटमार्फत केअर वर्करच्या व्हिसावर इंग्लंडला गेली. त्यासाठी शेतीवर कर्ज काढलं, ते अजून फिटायचं आहे. स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग अशा पाच मोठ्या माणसांच्या निवासी घरात ती कामाला आहे. अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं असं काम. गावात आम्ही ती हॉस्पिटलमध्ये आहे एवढंच सांगतो. आता तिच्या मनात आलंय की अशा घरांची तपासणी करणारी इन्स्पेक्टर व्हायचं. पद चांगलं वाटतं. त्याची परीक्षा कोणती, वयाची अट काय, इथून ऑनलाइन क्लास लावता येईल का? जाता जाता, तिथल्या एका तरुण मुलाला संध्याकाळी खोलीत कोंडतात आणि गोळी देऊन झोपवतात असं ती सांगत होती. पाच वर्षं पूर्ण होऊन तिथे कायम राहण्याचं पक्कं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे. – एक वडील, कराड तालुका

उत्तर : नमस्कार भाऊ,

परीक्षेचं सांगते, पण आधी तुम्ही जे ‘जाता जाता’ लिहिलंत तिथेच मला थांबावं लागेल. तुमची लेक रोज संध्याकाळी काहीतरी बघते आहे, ते तिला टोचतं आहे, आणि ज्या एका माणसाला तिने विश्वासाने सांगितलं त्याने तिला गप्प केलं. तुमची भीती मला कळते. डोक्यावर कर्ज आहे, व्हिसा मालकाच्या कागदावर टेकलेला आहे, पोरगी परक्या देशात एकटी आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. त्या खोलीतल्या मुलासाठी तर आहेच, तुमच्या मुलीसाठीही तो धोक्याचा आहे.

धोका कसा, ते सांगते. अशा घरात कोणती गोळी, किती वाजता, कोणी दिली, हे प्रत्येक वेळी तक्त्यावर सहीनिशी नोंदलेलं असतं. कोणत्या पाळीत कोण होतं ते रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकावर असतं. उद्या चौकशी लागली की पहिल्यांदा हेच कागद उघडतात. ताब्यातल्या माणसाशी काळजीवाहकाने क्रूरपणे वागणं किंवा जाणूनबुजून हयगय करणं हा इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्याने गुन्हा आहे. नुसतं पाहणारं प्रत्येक माणूस त्यात आरोपी होतंच असं नाही. पण ‘तू रोज तिथे होतीस, मग सांगितलं का नाहीस?’ हा प्रश्न त्यांना विचारला जातो. पुढे तिला तिथे नर्स म्हणून नोंदणी करायची झाली, तपासणीच्या नोकरीला अर्ज करायचा झाला, तर या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी असायला हवं.

आता एक बाजू तिच्या मालकांचीही. प्रत्येक बंद दार बेकायदा नसतं. स्वतःच्या सुरक्षिततेचा निर्णय ज्याला घेता येत नाही अशा माणसाचं स्वातंत्र्य 2005 च्या मेंटल कपॅसिटी कायद्याखाली मर्यादित करता येतं. पण त्याला रीतसर परवानगी लागते. ती स्थानिक कौन्सिल तपासणी करून देते आणि एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठी देते. त्या मुलाच्या काळजी-आराखड्यात हे लिहिलेलं आहे का, हे तुमची मुलगी कामाचा भाग म्हणून वाचू शकते. गोळीचंही तसंच. ‘गरज पडल्यास’ द्यायची गोळी कधी द्यायची आणि त्याआधी काय करून बघायचं, हे कागदावर असावं लागतं. ती रोज सहा वाजता, पाळीला माणसं कमी आहेत म्हणून दिली जात असेल, तर ती औषध उरत नाही. स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग माणसांना विनाकारण अशा गोळ्यांवर ठेवणं थांबावं म्हणून तिथल्या आरोग्यसेवेने 2016 पासून ‘स्टॉम्प’ नावाची मोहीमच चालवली आहे.

तुम्हाला वाटतं, बोलून काय होणार? ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खाजगी रुग्णालय होतं, अशाच माणसांसाठीचं. तिथल्या टेरी ब्रायन नावाच्या नर्सने व्यवस्थापनाला कळवलं, इंग्लंडमधल्या अशा घरांची आणि रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनलाही कळवलं. कोणी हललं नाही. शेवटी तो बीबीसीकडे गेला, आणि मे 2011 मध्ये तिथली मारहाण आणि छळ सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. अकरा कर्मचारी दोषी ठरले, त्यातले सहा तुरुंगात गेले. कमिशनची नाचक्की झाली आणि कामाची पद्धत बदलावी लागली. तरी 2019 मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉल नावाच्या रुग्णालयात पुन्हा तेच निघालं. त्या जागेला 2017 च्या तपासणीत ‘गुड’ असा शेरा मिळालेला होता! त्याच्याही आधी, 2015 मध्ये, कमिशनच्याच एका निरीक्षकाने तिथल्या त्रुटींवर अहवाल लिहिला होता आणि तो प्रसिद्धच झाला नव्हता.

हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. तुमच्या मुलीला जे काम हवंय ते नेमकं कुठे फसतं, हे यातून दिसतं. निरीक्षक न कळवता येतो, एक-दोन दिवस थांबतो आणि जातो. त्या दिवशी सगळे नीट वागतात. ज्यांना बोलता येत नाही ती माणसं तक्रार करू शकत नाहीत. मग त्याला खरं सांगणार कोण? घरचे, आणि तिथे रोज राबणारी तुमच्या मुलीसारखी माणसं. ती गप्प बसली तर निरीक्षकाच्या हातात फक्त ऑफिसने नीट लावून ठेवलेल्या फाइली राहतात.

आता तुमचा मोठा गैरसमज. तुमच्या पत्रात इन्स्पेक्टर म्हणजे साहेब, आणि अंघोळ घालणं म्हणजे लपवायचं काम. या व्यवसायात हे अगदी उलटं आहे. एक उदाहरण देते. एक न बोलणारा माणूस आहे. रोज दुपारनंतर स्वतःच्या डोक्यावर बुक्के मारतो. रोजच्या नोंदीत लिहिलंय ‘वर्तन समस्या’, आणि शांत करणारी गोळी दिल्याची सही आहे. कच्चा निरीक्षक नोंद आहे, सही आहे म्हणून पुढे जाईल. ज्याने स्वतः अशा माणसांची पाठ चोळली आहे, तो शौचाचा तक्ता मागेल. तो पाच दिवस कोरा आहे. त्या माणसाचं पोट दुखतंय, आणि अशा बऱ्याच गोळ्यांनी बद्धकोष्ठ आणखी वाढतं. इंग्लंडमध्ये बौद्धिक दिव्यांग माणसं नुसत्या बद्धकोष्ठाने दगावलेली आहेत. दोन तक्ते शेजारी ठेवून बघायची ही नजर कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही, भाऊ. ती तुमच्या मुलीला त्या कामातून मिळते आहे, जे तुम्ही गावाला सांगत नाही. सांगा. ताठ मानेने सांगा.

तिथल्या तपासणीत बसून पाहण्याची एक ठरलेली पद्धतही आहे. निरीक्षक दिवाणखान्यात एका कोपऱ्यात बसतो आणि दर काही मिनिटांनी टिपतो की हा माणूस आत्ता कशात रमलाय, चेहरा कसा आहे, कर्मचारी त्याच्याशी बोलले की त्याच्या डोक्यावरून आपसांत बोलत राहिले. काही तपासण्यांना स्वतः दिव्यांग असलेली माणसं किंवा त्यांचे नातेवाईकही सोबत येतात. घर सुरक्षित आहे का, उपयोगाचं आहे का, तिथे माया आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलतं का, चालवणारे कसे आहेत, अशा पाच प्रश्नांवर शेरा ठरतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर छोटं आहे : एमपीएससीसारखी परीक्षा नाही, त्यामुळे क्लासला पैसे भरू नका. जागेची जाहिरात निघते, अनुभव आणि लेखन बघतात, मुलाखत होते. तिथला काळजीसेवेतला लेव्हल तीन आणि मग त्याच्या वरचा लेव्हल पाचचा डिप्लोमा, काही वर्षं घर चालवणारी नोंदणीकृत मॅनेजर, आणि मग हा अर्ज, ही एक वाट. जीएनएमच्या जोरावर इंग्रजीची आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परीक्षा देऊन नर्स होणं ही दुसरी. परत यायचं ठरलं तर आपल्याकडेही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा संस्थांना नोंदणी सक्तीची आहे, आणि राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या बालगृहातल्या मुलांच्या हालांची मुंबई उच्च न्यायालयाला 2010 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. अशी नजर असलेली माणसं इथेही हवी आहेत.

व्हिसाचं स्पष्ट बोलते. ‘पाच वर्षांनी पक्कं’ हे आता गृहीत धरू नका. ही मुदत वाढवण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने 2025 मध्येच मांडला आहे. म्हणजे ज्या तारखेपर्यंत तुम्ही तिला गप्प बसायला सांगताय, ती तारीखच पुढे सरकू शकते. तक्रार केली म्हणून व्हिसा रद्द होत नाही. मालकाने काढलं किंवा त्याचा परवाना गेला, तर दुसरा प्रायोजक, म्हणजे व्हिसाची हमी घेणारा मालक, शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. ते सोपं नाही, मी खोटा धीर देणार नाही. पण जुलै 2025 पासून बाहेरून नवे केअर वर्कर आणणं बंद झालंय, आणि तिथे आधीच असलेल्या, प्रायोजक गमावलेल्या माणसांना आधी घ्यावं असा नियम त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आला आहे. तिच्यासारख्या अनुभवी मुलीला आज काही मोल आहे. शिवाय जनहितासाठी तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला 1998 च्या कायद्याचं संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळतं.

तर या रविवारी तिच्याशी बोलताना पगाराचं विचारू नका. आधी म्हणा, ‘मी तुला गप्प बस म्हणालो, ते मागे घेतो.’ मग तिने हे करावं : काय पाहिलं ते तारीख-वेळेसह स्वतःच्या वहीत लिहावं, त्या मुलाचं नाव न घालता. फोनवर फोटो-व्हिडिओ काढू नयेत, कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर हा विषयच नको. युनिसनसारख्या कामगार संघटनेचं सभासद व्हावं. ‘प्रोटेक्ट’ ही संस्था अशा तक्रारदारांना मोफत आणि गुप्तपणे सल्ला देते, पहिला फोन तिथे करावा. त्यानंतर स्थानिक कौन्सिलचा प्रौढ-संरक्षण विभाग. एखाद्या व्यक्तीच्या छळाची चौकशी करणं 2014 च्या केअर कायद्याने त्यांचं कर्तव्य आहे. कमिशनलाही कळवावं, नाव न देता कळवता येतं. मात्र पाच जणांच्या घरात कर्मचारी मोजकेच असतात, कोणी सांगितलं याचा अंदाज बांधला जाईल, याची तयारी ठेवूनच. आणि त्या मुलाच्या जिवाला धोका आहे असं कुठल्याही संध्याकाळी वाटलं, तर यातलं काहीही न बघता 999 या तिथल्या आणीबाणीच्या नंबरवर फोन.

तुम्ही पत्रात त्या घराचं नाव लिहिलं होतं, ते मी काढून टाकलं आहे. माझं हे उत्तर तिला पाठवा आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. कर्जाचे हप्ते किती आणि घरून किती महिने ओढता येतील, तेही त्यात लिहा, म्हणजे नोकरी बदलायची वेळ आलीच तर आपण आकडे समोर ठेवून बोलू.