गच्चीला काचेची भिंत: सरकती घ्यावी की घडीची?
आधी ठरवा, गच्ची पूर्ण मोकळी किती वेळा लागणार? दोन ट्रॅकच्या सरकत्या भिंतीत निम्मीच जागा उघडते, तीन ट्रॅकच्या भिंतीत दोन तृतीयांश. घडीची जवळजवळ सगळी उघडते, पण पॅनेलांचा गठ्ठा एका कडेला उभा राहतो आणि बिजागऱ्यांची देखभाल वाढते. ती वरून टांगलेली असेल तर सगळा भार वरच्या बीमवर येतो. तो तपासून घेतल्याशिवाय ऑर्डर देऊच नका.

वारा-पाऊस जोराचा असेल तर मी सरकतीच घेईन. मात्र खालच्या ट्रॅकला पाणी निघायची भोकं आहेत ना, हे बोट फिरवून बघा. ती मातीने बुजली की पाणी थेट आत येतं. काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) हवीच; उंचावर टफन्ड-लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली) घ्या, फुटली तरी तुकडे आतल्या थराला चिकटून राहतात.